जुनाट दाह आणि कर्करोग : एका विचाराचा इतिहास

धोतराची किंवा लुगड्याची गांठ कमरेवर जेथें आवळली जाते, तेथें कालांतरानें कातडीवर एक राठ, रंग बदललेला पट्टा उमटतो. लातूरच्या गंजगोलाईंत बाजाराला येणाऱ्या जुन्या शेतकऱ्यांच्या कमरेवर तो असे; नांदेडास गोदेच्या घाटावर लुगडीं धुणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या कमरेवरही असे. त्याचें कोणास नवल वाटत नसे. तो दुखत नाहीं, त्यांतून रक्त वाहत नाहीं, आणि नित्याच्या वस्त्राचा वण म्हणून माणूस त्याला अंगावरच्या तिळासारखा विसरून जातो. मात्र अशा असंख्य पट्ट्यांपैकीं एखादा कित्येक वर्षांनीं चिघळतो. त्याची जखम होते, ती भरून येत नाहीं, आणि अखेर तेथें कर्करोग उभा राहतो. ही गोष्ट १९४५ सालीं शास्त्रीय पद्धतीनें जगापुढें मांडली ती मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. वसंत रामजी खानोलकर व सूर्याबाई यांनीं.

खानोलकरांचा जन्म १८९५ चा. लंडनला रोगविकृतिशास्त्राची उच्च पदवी घेऊन ते मुंबईस परतले, आणि परळचें टाटा रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारींत उघडलें तेव्हां तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणारे रोगी त्यांच्यापुढें असत, आणि रोग कोठें झाला याबरोबरच तो माणूस काय खातो, काय नेसतो, तंबाखू तोंडांत कोणत्या बाजूला धरतो, हेंही ते विचारीत. त्या लेखांत तीन प्रकारचे कर्करोग वर्णिले होते. एक धोतराचा. दुसरा विशाखापट्टणकडील बायकांच्या टाळूचा, कारण तिकडे चुट्ट्याचें जळतें टोंक तोंडांत धरून ओढण्याची चाल होती. तिसरा खालच्या ओठामागच्या खोबणींत चुना-तंबाखूची खैनी धरून ठेवणाऱ्यांचा. प्रांत वेगळे, वस्तू वेगळ्या. पण इजा तिन्हीं ठिकाणीं एकाच वळणाची. ती थोडी होती, रोजची होती, आणि वर्षानुवर्षें त्याच जागीं होत होती.

प्रस्तुत भाषणाचा विषय कातडी नसून आंतडें आहे. परंतु कातडीपासून आरंभ करण्यास कारण आहे. कमरेवर जें डोळ्यांना दिसतें, तेंच पोटाच्या आंत, कोणाच्या नजरेस न पडतां घडूं शकतें. आणि वैद्यकाला तें उमगण्यास बराच काळ जावा लागला.

इजा आणि गांठ यांचा कांहींतरी संबंध असावा, ही शंका फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेंत मांसार्बुदाचें कारण सांगतांना मुष्टिप्रहाराचा उल्लेख येतो. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें १७७५ सालीं धुराडीं झाडणाऱ्यांच्या अंगीं काजळीमुळें होणारा कर्करोग ओळखला. काश्मिरांत थंडीच्या दिवसांत फिरनच्या आंत पोटाशीं कांगडी धरण्याचा प्रघात आहे, आणि तेथें पोटाच्या व मांड्यांच्या भाजलेल्या कातडीवर होणारा कर्करोग डॉक्टरांना चांगला परिचित होता. या सुट्या निरीक्षणांना एका सूत्रांत ओंवण्याचा प्रयत्न बर्लिनच्या रुडॉल्फ व्हिर्खो यांनीं १८६३ च्या सुमारास केला. गांठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतांना त्यांना तेथें पांढऱ्या पेशींचा जमाव आढळला. असा जमाव एरव्हीं दाहाच्या जागीं असतो. तेव्हां जुनाट दाहाच्या भूमींतच अर्बुद उगवत असावें, असें अनुमान त्यांनीं बांधलें.

अनुमान बांधणें वेगळें आणि सिद्ध करणें वेगळें. या बाबतींत एक फजिती झाली, ती सांगण्याजोगी आहे. कोपनहेगनच्या योहान्नेस फिबिगर यांनीं १९१३ सालीं असें जाहीर केलें कीं, विशिष्ट कृमी पोटांत गेल्यानें उंदरांच्या जठरांत कर्करोग उत्पन्न करतां येतो. त्यांना १९२६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें इतरांनीं तपासलें तेव्हां त्या गांठी खऱ्या अर्थानें कर्करोगाच्या नव्हत्या, आणि उंदरांच्या आहारांतील ‘अ’ जीवनसत्त्वाच्या उणिवेचा त्यांत मोठा वाटा होता, असें दिसून आलें. याच सुमारास, १९१५ सालीं, टोकियोच्या यामागिवा व इचिकावा यांनीं सशांच्या कानांना महिनोगणती डांबर चोळून खरोखरीचा कर्करोग उत्पन्न करून दाखविला होता. पारितोषिक त्यांना मिळालें नाहीं. पारितोषिक देणाऱ्यांच्या हातून चुका होतात, एवढाच याचा अर्थ नव्हे. फिबिगर यांची कल्पना सर्वस्वीं खोटी नव्हती. तिला मिळालेला पुरावा खोटा होता. पोटांतील जुनाट दाहाचा खरा पुरावा उंदरांकडून न येतां माणसांकडूनच यावयाचा होता.

तो १९२५ सालीं न्यूयॉर्कहून आला. मोठ्या आंतड्याच्या अस्तराला सूज येऊन त्यावर व्रण पडतात, दिवसांतून अनेकदां रक्त व शेम यांसह शौचास होतें, मध्येंच बरें वाटतें आणि पुन्हां उलटतें, अशा विकाराला इंग्लंडांत सॅम्युएल विल्क्स यांनीं १८५९ सालींच ‘व्रणयुक्त’ हें विशेषण लाविलें होतें. मराठींत त्याला सव्रण बृहदांत्रदाह म्हणतात. डॉक्टर मंडळी ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ म्हणतात. बरिल क्रोन व हर्मन रोझेनबर्ग यांनीं या विकाराच्या एका रोग्याच्या आंतड्यांत कर्करोग झाल्याचें नोंदविलें. आरंभीं हा योगायोग वाटला. परंतु नोंदी वाढत गेल्या, आणि त्यांत एक गोष्ट स्पष्ट होत गेली : ज्यांचा विकार नवा, त्यांच्यांत कर्करोग क्वचितच, ज्यांचा जुना आणि आंतड्याच्या बहुतेक भागाला व्यापणारा, त्यांच्यांत तो जास्त. २००१ सालीं अनेक देशांतील नोंदी एकत्र करून काढलेल्या हिशेबांत, दहा वर्षांच्या विकारानंतर शेंकडा सुमारें २, वीस वर्षांनंतर ८ आणि तीस वर्षांनंतर १८ रोग्यांना कर्करोग झाल्याचें दिसलें. त्यानंतरच्या पाहण्यांत हे आंकडे बरेच खालीं आले आहेत, कारण औषधें सुधारलीं आणि तपासणी वाढली. परंतु वर्षांबरोबर धोका चढत जातो, हा क्रम कायम राहिला.

असें कां व्हावें? आंतड्याचें अस्तर हें शरीरांतील अत्यंत चपळ वस्त्र आहे. तें तीन ते पांच दिवसांत जवळजवळ पूर्णपणें नवें विणलें जातें. अस्तरांत सूक्ष्म खळगे असतात. खळग्याच्या तळाशीं थोड्या मूळ पेशी असतात. त्या दुभंगत राहतात, नव्या पेशी वर सरकतात, आणि माथ्यावर पोंचल्या कीं गळून पडतात. सुदृढ आंतड्यांत हा व्यवहार शांतपणें चालतो. दाह झाला कीं तेथें पांढऱ्या पेशींची फौज धांवते. जंतूंना मारण्यासाठीं या पेशी ऑक्सिजन व नायट्रोजन यांचीं अत्यंत तिखट संयुगें सोडतात. हें शस्त्र आंधळें आहे. जंतूंवर तें पडतें, तसें शेजारच्या निरपराध पेशींवरही पडतें. पेशीच्या केंद्रांतील डीएनएच्या धाग्यांत ग्वानीन नांवाचा घटक असतो. त्याला ऑक्सिजन चिकटला कीं पेशी दुभंगतांना धाग्याची नक्कल चुकते, त्याच्या समोर भलतेंच अक्षर बसतें. पेशीजवळ ही चूक दुरुस्त करण्याची सोय आहे आणि बहुतेक चुका दुरुस्त होतातही. परंतु जेथें रोज जळतें, आणि जळलेलें भरून काढण्यासाठीं मूळ पेशींना रोज नेहमीपेक्षां अधिक वेळां दुभंगावें लागतें, तेथें दुरुस्तीच्या हातून सुटणाऱ्या चुकांची संख्या वाढत जाते. आग आणि घाई, दोन्ही एकाच वेळीं.

या चुकांची मोजदाद करणें अलीकडेच शक्य झालें. कोलायटिसच्या रोग्यांच्या आंतड्यांतील एकेका खळग्याचा डीएनए वाचून २०२० सालीं एका संशोधक गटानें दाखविलें कीं, दाहग्रस्त अस्तरांत जनुकीय चुका सांचण्याचा वेग निरोगी अस्तराच्या सुमारें अडीचपट असतो. त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेंच आहे. व्रण पडून अस्तराचा एक भाग जळून गेला, कीं आजूबाजूच्या ज्या पेशी तगलेल्या असतात त्यांच्या संततीनें ती मोकळी जागा भरते. ज्या पेशींत जळतांना तग धरण्यास उपयोगी असा बदल झालेला असेल, त्यांची वंशावळ अशा प्रत्येक जाळपोळींत विस्तारत जाते. दुष्काळानंतर ओसाड पडलेल्या शिवारांत चिवट तण पसरावें, तसाच हा प्रकार. पी-५३ या नांवाचें एक जनुक बिघडलेल्या पेशींना मरावयास लावतें. साध्या गांठीपासून होणाऱ्या आंतड्याच्या कर्करोगांत हें जनुक बहुधा अखेरीस अखेरीस निकामी होतें. जुनाट दाहांतून होणाऱ्या कर्करोगांत मात्र तें फार लवकर, गांठ दिसण्यापूर्वींच निकामी झालेलें आढळतें. म्हणजे पहारेकरीच आधीं झोंपतो.

दाहाकडून पेशीला आणखीही एक निरोप जातो. जखम झाली असतां ‘वाढा, मरूं नका’ असा रासायनिक संदेश आसपासच्या पेशींना मिळतो. त्याखेरीज साधी खरचट देखील भरून आली नसती. १९८६ सालीं हॅरल्ड ड्व्होराक या अमेरिकन शास्त्रज्ञानें अर्बुदाचें वर्णन न भरणारी जखम असें केलें, तें याच अर्थानें. जखम भरल्यावर संदेश थांबावयास हवा. तो थांबला नाहीं, तर मरण्याच्या लायकीच्या पेशीही जगत राहतात. ॲस्पिरिनसारख्या साध्या दाहशामक गोळीचें दीर्घकाळ सेवन करणाऱ्यांत आंतड्याचे कर्करोग कमी आढळतात, हें १९८८ सालीं मेलबर्नच्या एका पाहणींत प्रथम दिसलें, त्याचें स्पष्टीकरणही बहुधा येथेंच आहे. (त्या गोळीनें जठरांतून रक्तस्राव होऊं शकतो; तेव्हां हें ऐकून कोणी आपल्या मनानें ती सुरू करूं नये.)

येथें मराठवाड्याकडे वळणें प्राप्त आहे, कारण वर जें सांगितलें त्याला हा प्रदेश एक अवघड प्रश्न विचारतो. पोटाच्या दाहाची कमतरता या भागाला कधींच नव्हती. निजामी अमलांत, म्हणजे १९४८ पर्यंत, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षें, खेड्यांतून पाणी आडाचें, बारवेचें किंवा नदींतील झऱ्याचें असे. नांदेड तर गोदाकांठचें तीर्थ, शिवाय गुरु गोविंदसिंहांचें १७०८ मधील निर्वाणस्थान म्हणून देशभरांतील यात्रेकरूंचें ठिकाण. आणि यात्रा व पटकी यांची संगत सर्वांस ठाऊक आहे. आंव हा तर घरोघरींचा पाहुणा. सर लेनर्ड रॉजर्स यांनीं कलकत्त्यास १९१२ सालीं एमेटीनची सुई आंवेवर गुणकारी ठरविली, तोंपर्यंत कुड्याची साल आणि बेलफळाचा गर यांवरच भिस्त होती. तीं औषधें त्यानंतरही घराघरांत राहिलींच. दाहानें कर्करोग होतो हें खरें, तर येथें आंतड्याच्या कर्करोगाची रेलचेल असावयास पाहिजे होती.

ती आहे कीं नाहीं, हें कळण्याची सोयच प्रदीर्घ काळ नव्हती. मुंबईंत लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग-नोंदणी १९६३ सालीं सुरू झाली. पण तींत खेड्यांचा पत्ता नव्हता. ग्रामीण भागासाठीं अशी पहिली नोंदणी १९८७ सालीं सुरू झाली ती बार्शींत, आणि लातूरकरांना बार्शी परकी नाहीं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरनें काढलेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १९११ सालींच लातुरास पोंचली होती. तिच्या डब्यांतून लातूरचें धान्य जाई, व्यापारी जात, आणि दुखणाईतही जात. नोंदणीनें बार्शीबरोबर परांडा व भूम हे तेव्हांच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव जिल्ह्यांतील तालुकेही घेतले. लातूर जिल्हा १९८२ मध्यें याच उस्मानाबादेंतून वेगळा झालेला, तेव्हां माणसें, पाणी, जेवण सारें एकाच मातीचें. डॉ. भगवान नेने व त्यांचे सहकारी यांची पद्धत शहरी नोंदणीहून निराळी होती. रोगी रुग्णालयांत येण्याची वाट न पाहतां त्यांचे कार्यकर्ते ३४६ गांवांतून फिरले, सरपंच, शिक्षक, दाई यांच्याशीं बोलले, आणि संशयास्पद लक्षणें असलेल्यांना तपासणीसाठीं बार्शीस आणूं लागले. कागद भरणारी नोंदणी आणि रोगी वांचविणारी नोंदणी यांत फरक असतो, तो असा.

नोंदींतून निघालें तें असें : स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत पुढें, पुरुषांत तोंड, घसा, अन्ननलिका. मोठ्या आंतड्याचा कर्करोग मात्र अत्यंत थोडा, मुंबईपेक्षां कमी, आणि युरोप-अमेरिकेशीं तर तुलनाच नको. जठराचाही कमीच. या दुसऱ्या गोष्टीनें जगभरच्या शास्त्रज्ञांना कोड्यांत टाकलें आहे. ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहरांत बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनीं १९८२ सालीं जठरदाहाच्या मुळाशीं असलेला हेलिकोबॅक्टर नांवाचा जंतु शोधून काढला; मार्शल यांनीं १९८४ सालीं तो स्वतः पिऊन स्वतःलाच जठरदाह करून घेतला; दोघांना २००५ चें नोबेल मिळालें, आणि या खेपेस तें अस्थानीं नव्हतें. हा जंतु जठराच्या कर्करोगाचें कारण म्हणून १९९४ पासून मान्य आहे. भारतांत तो घरोघर आहे, तरी देशाच्या बहुतेक भागांत जठराचा कर्करोग त्या मानानें विरळा.

या कोड्याला एकच उत्तर नाहीं. पूर्वीं माणसें अल्पायुषी होतीं, हें एक. ज्वारीची भाकरी, डाळी आणि पालेभाज्या यांचा चोथा आंतड्याला मानवतो, आणि मांसाचें सेवन थोडें, हें दुसरें. जंतूंच्या जातीजातींतही भेद असतात. परंतु सर्वांत पटणारी गोष्ट पुन्हां खानोलकरांच्या धोतराकडे घेऊन जाते. पटकी माणसाला चार दिवसांत मारते किंवा सोडून जाते. आंव येते, उपचारानें उतरते, अस्तर पूर्ववत् होतें. दाह तीव्र असला तरी तो संपतो. कमरेवरची गांठ, गालांतला तंबाखूचा विडा, गर्भाशयमुखांत दहा-पंधरा वर्षें ठाण मांडून बसणारा विषाणु, यांची इजा सौम्य असते पण ती संपत नाहीं. मराठवाड्याला कर्करोग झाला तो मोठ्या आगींनीं नव्हे, धुमसणाऱ्या निखाऱ्यांनीं. व्रणयुक्त कोलायटिस हा याच दुसऱ्या जातीचा विकार आहे, आणि म्हणूनच त्याला आंवेच्या पंक्तींत बसविणें धोक्याचें.

आणि नेमकें तेंच होत आलें. कोलायटिस हा गोऱ्या लोकांचा रोग, अशी समजूत आपल्याकडे खूप वर्षें होती. पंजाबांत २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या घरोघरच्या पाहणींत लाखामागें ४४ जणांना तो आढळला, तेव्हां ती समजूत मोडली. तोंवर शौचावाटे रक्त पडणाऱ्या माणसाच्या वांट्याला दोनच निदानें येत : आंव किंवा मूळव्याध. आंवेच्या गोळ्यांनीं कांहीं दिवस उतार पडतो, कारण हा विकार आपणहूनच चढतो-उतरतो. आणि तो उतार औषधाच्या खात्यावर जमा होतो. त्याचा सख्खा शेजारी असलेला क्रोनचा आंत्रदाह तर आंतड्याच्या क्षयासारखा इतका हुबेहूब दिसतो कीं, निष्णात डॉक्टरही फसतात व महिनेच्या महिने क्षयाच्या औषधांत जातात. लातुरास डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विवेकानंद रुग्णालय १९६६ सालीं काढलें, नांदेडास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ सालीं आलें. त्यापूर्वीं आंतड्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचा तर दूरचें शहर गांठावें लागे. चुकलेल्या निदानाची किंमत केवळ त्रासांत मोजावयाची नसते. ती वर्षांत मोजावयाची असते; कारण धोका वर्षांबरोबर चढतो, आणि वर्षें मोजण्यास आरंभ निदानापासून नव्हे, पहिल्या लक्षणापासून करावा लागतो.

हीच दिरंगाई उलट बाजूनें उपकारक आहे, हेंही याच मातींत सिद्ध झालें. उस्मानाबाद जिल्ह्यांत गांवांचे ५२ गट पाडून, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीचा एक प्रचंड प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी एकदांच झालेल्या गटांत त्या कर्करोगानें होणारे मृत्यु तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. (तपासणीविना ठेवलेल्या गटांतील स्त्रियांशीं हें वागणें न्यायाचें होतें काय, यावर पुढें वाद झाला, तो अनाठायीं नव्हता.) जो रोग यावयास वीस वर्षें घेतो, त्याला वाटेंत अडविण्यासही तेवढा अवकाश सांपडतो. आंतड्याच्या बाबतींत हा अवकाश लंडनच्या सेंट मार्क रुग्णालयांतील मॉर्सन व पँग यांनीं १९६७ सालीं दाखवून दिला. कर्करोग होण्यापूर्वीं अस्तराच्या पेशींत ओळखतां येण्याजोगी विकृति दिसते, आणि लहानशा तुकड्यावरून ती पकडतां येते, असें त्यांनीं सांगितलें. स्टॉकहोमच्या नान्ना स्वार्ट्झ या विदुषीनें संधिवातासाठीं घडविलेलें सल्फासालाझीन तर १९४२ पासूनच कोलायटिसवर वापरांत आहे. निखारे विझवीत ठेवणें हाही कर्करोगाला अडविण्याचाच एक मार्ग, हें तेव्हां कोणाच्या ध्यानीं नव्हतें.

हल्लींचा दंडक असा आहे कीं, पहिल्या लक्षणापासून आठ वर्षें झालीं कीं दुर्बिणीनें संपूर्ण मोठें आंतडें पाहावें, आणि पुढेंही ठराविक अंतरानें पाहत राहावें. म्हणून डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो, रक्त प्रथम कधीं दिसलें? लातूर जिल्ह्यांतील वृद्ध रोगी अशा वेळीं सन सांगत नाहींत. किल्लारीचा भूकंप १९९३ च्या ३० सप्टेंबरला झाला. त्याच्या आधीं कीं नंतर, थोरल्याचें लग्न तेव्हां झालें होतें कीं नव्हतें, असा हिशेब घरच्या माणसांच्या मदतीनें चालतो, आणि डॉक्टर त्यावरून कागदावर एक वर्ष लिहितो.